चार नंबरची बोअर

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. राग येतो, आवाज चढतो आणि दहा मिनिटांत सगळं निवतं. पण त्या दहा मिनिटांत मी जे बोलते ते लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात. खाणीवर मला सगळे टेपबाई म्हणतात, ते तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची खाण गोटे आणि वाळूची. जमीन दोन पुरुष खोल खणली की गोटे लागतात, आणि गोट्यांबरोबर पाणीही लागतं. पाणी उपसल्याशिवाय गोटे निघत नाहीत, आणि वाटेल तसं उपसलं तर आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडतात. म्हणून उपसलेलं पाणी खाणीच्या कडेनं खणलेल्या लांब चरात सोडायचं, ते तिथून परत जमिनीत मुरतं. हे सगळं नीट चाललंय की नाही ते बघायला खाणीभोवती आठ बोअर आहेत. बोअर म्हणजे काय, तर जमिनीत उभा पुरलेला लोखंडी पाईप. दर सोमवारी त्यात टेप सोडायची. टोक पाण्याला टेकलं की पीं वाजतं. पाइपाच्या तोंडाशी जो आकडा येईल तो वहीत लिहायचा. ऑफिसातल्या कागदावर प्रत्येक पाइपाच्या तोंडाची उंची लिहिलेली असते, तिच्यातून माझा आकडा वजा केला की पाणी किती उंचीवर आहे ते समजतं. झालं काम.

सोळा वर्षं मी हे काम केलं. पाठीचं ऑपरेशन झालं ते चार महिने सोडले तर एक सोमवार चुकवला नाही. आणि एक आकडा चुकला नाही, असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायची. फारच ऐकवायची, आता वाटतं.

आता मावशी. खाणीच्या वरच्या अंगाला मावशीचं पाच एकर शेत होतं, लिंबाची बाग होती. बारा वर्षांपूर्वी कंपनीला त्याच्याखालचे गोटे हवे झाले. कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली, मावशीनं तिन्ही वेळा दारातूनच परत पाठवली. मग मी गेले. मी म्हटलं, "मावशी, देऊन टाक. गोटे काढतील, खड्डा बुजवतील, वरची माती वेगळी ठेवलेली असते ती परत वर पसरतील आणि शेत होतं तसं तुझ्या हातात देतील. माझा शब्द."

"कंपनीचा शब्द नको मला," मावशी म्हणाली. "तुझा चालेल." आणि सही केली.

मावशी आता चौऱ्याहत्तरची आहे. मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. गेली दोन वर्षं ती डब्यांमध्ये लिंबाची रोपं वाढवते आहे. तेलाचे डबे, रंगाचे डबे, फुटकी बादली, जे मिळेल त्यात. अंगणात रोपं, जिन्यावर रोपं, खिडकीत रोपं. दारावरची घंटा शोधायला रोपं बाजूला करावी लागतात. दीडशे रोपं आहेत आणि एकेकीचा स्वभाव तिला पाठ आहे. ही हट्टी, ही मुळूमुळू रडणारी, ही अगदी तुझ्यासारखी, काटेच जास्त. शेत कधी मिळतं, एवढा एकच प्रश्न ती मला दर भेटीत विचारायची.

आणि मिळणारच होतं. तिच्या भागातले गोटे कधीच काढून झाले होते, भराव घालून झाला होता, वरची माती पसरून झाली होती. दहा दिवसांनी पंप बंद व्हायचे होते. पंप बंद झाले की जमिनीतलं पाणी वर चढणार, खाणीचा मोठा खड्डा भरून तळं होणार, आणि मावशीचं शेत त्या पाण्याच्या वर बरोबर एक मीटर राहणार. एक मीटर यासाठी, की लिंबाला तेवढी कोरडी माती लागते. मुळं पाण्यात गेली की झाड वर्ष-दोन वर्षांत मान टाकतं.

पाणी किती चढेल हे कसं ठरवलं? तर चार नंबरच्या बोअरवरून. चार नंबर वरच्या बांधाजवळ आहे, तिथपर्यंत पंपांची ओढ पोचत नाही. म्हणजे तिथे पाणी जेवढं उंच, तेवढंच पंप बंद झाल्यावर मावशीच्या शेताखाली येणार. माझे तीन वर्षांचे आकडे घेतले, त्यातलं सगळ्यात वरचं पाणी घेतलं, त्याच्यावर एक मीटर मोजला आणि तिथपर्यंत भराव घातला. माझे आकडे! मी तर खाणीवर मिरवत होते.

दहा दिवस उरले असताना सर्व्हेअर बाई आल्या. काम बंद करताना सगळ्या बोअरच्या तोंडांची उंची शेवटची तपासून कागदावर घ्यायची असते. तिपाई लावली, दुर्बिणीत डोळा घातला आणि मी आपली पट्टी धरून प्रत्येक पाइपापाशी उभी राहिले. एक नंबर बरोबर. दोन नंबर बरोबर. तीन नंबर बरोबर. चार नंबरला त्या बाई दोनदा दुर्बिणीतून बघून म्हणाल्या, "हा पाईप कागदापेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच आहे."

"असणारच," मी म्हटलं. "वाढवलाय तो. तीन वर्षं झाली. तुमचा कागद जुना आहे."

"नवीनच आहे. मागच्या महिन्यातला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या चार नंबरवरून मी ऑफिसात काय कमी डोकं फोडलं होतं? बाकीचे सात पाईप कमरेएवढे आहेत. चार नंबर मात्र नडगीएवढा होता, तोही चिखलात. दर सोमवारी गुडघे टेकायचे, वाकून वाकून आकडा वाचायचा. माझी पाठ गेली ती त्या पाइपापायी, असं मी डॉक्टरांनाही सांगितलं. पाईप वाढवून द्या म्हणून सहा अर्ज केले होते, सहा. ऑपरेशन होऊन परत आले तर पाईप कमरेला लागत होता, वर छान टोपण. मी म्हटलं, चला, शेवटी ऑफिसला अक्कल आली. आणि आभार मानायला गेले नाही. सहा अर्ज केल्यावर आभार कसले मानायचे! नाकावर टिच्चून आपली टेप सोडली आणि आकडा लिहिला.

आता ऑफिसनं पाईप वाढवला म्हणजे ऑफिसनं कागदही बदलला असणार, हे तर कुणीही धरून चालेल. मी ताडताड ऑफिसात गेले आणि फाईल काढायला लावली. माझे सहाही अर्ज होते. सहाही अर्जांवर 'मिळाला' असा शिक्का होता. आणि पुढे काहीच नव्हतं.

"आम्ही कधी वाढवला?" कारकून म्हणाला. "तात्पुरती बोअर, कोण खर्च करतंय!"

मी त्याला काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात डोक्यात हिशेब सुरू झाला. पाईप उंच झाला की त्याच्या तोंडापासून पाणी लांब जातं. टेप जास्त खाली जाते. तीन वर्षं माझा प्रत्येक आकडा पंचेचाळीस सेंटिमीटर जास्त आला, आणि तो वजा केला जुन्या उंचीतून. म्हणजे कागदावर पाणी होतं त्यापेक्षा खाली दिसलं. म्हणजे मावशीचं शेत पाण्याच्या वर एक मीटर नाही. जेमतेम अर्धा मीटर. दीडशे लिंबं, आणि खाली पाणी.

बारा वर्षांपूर्वी दिलेला शब्द, आणि मीच तो पाण्यात घातला होता.

पण ऑफिसनं नाही वाढवला, तर वाढवला कुणी? मी परत चार नंबरकडे गेले. चिखलात गुडघे टेकले आणि जोड बघितला. नीट, एकसारखा, कुठे थेंब नाही, आणि शेवटी जिथे वेल्डिंग संपतं तिथे छोटीशी गाठ. आमच्या घराचं फाटक, गच्चीचा कठडा, माझ्या शिलाई मशीनचा मोडलेला पाय, सगळीकडे तीच गाठ आहे. आमच्या ह्यांचा हात आहे तो.

आमचे हे खाणीवर डोझर चालवतात आणि गरज पडली तर वेल्डिंगही करतात. बोलतात कमी. मी बोलते त्याचा हिशेब जमवला तर दोघांचं मिळून बरोबर होतं, असं सगळे म्हणतात. मी गेले तेव्हा ते डोझरच्या सावलीत बसून पाणी पीत होते.

"चार नंबरचा पाईप तुम्ही वाढवलात?" मी विचारलं.

"हं."

"कधी?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

"का पण?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की हे काय विचारणं झालं. "तुला वाकावं लागायचं ना."

मी तिथे उभी राहिले. मला राग येण्याची इतकी सवय आहे की त्या क्षणी राग आला नाही तर हातांचं काय करायचं तेच कळेना. ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस दवाखान्यात दोन तास उशिरा आला होता. डोझर चिखलात रुतला म्हणे. मी त्यावरून चार महिने अबोला धरला होता. आणि त्या चार महिन्यांत हा माणूस सुट्टीच्या दिवशी एकटा इथे येऊन माझ्यासाठी पाईप जोडून गेला होता.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस."

"बोलायला लागल्यावर तरी!"

"बोलायला लागलीस तेव्हा पहिलंच म्हणालीस, शेवटी ऑफिसला अक्कल आली. इतकी खूश होतीस. म्हटलं, राहू दे."

"अहो, ऑफिसला तरी सांगायचं!"

"ऑफिसनं कापायला लावला असता."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही आवरून मी त्यांना सांगितलं की आपण काय करून ठेवलंय. मी सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. बाटलीचं झाकण लावायचं राहिलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मी सांगतो साहेबांना," ते उठत म्हणाले. "पाईप मी जोडला."

"बसा खाली. वही माझी आहे."

डोझरपासून साहेबांच्या केबिनपर्यंत दोनशे पावलं असतील. खोटं कशाला बोलू, त्या दोनशे पावलांत माझ्या मनात सगळं येऊन गेलं. हे कुणालाच ठाऊक नाही. सर्व्हेअर बाईंनी नवी उंची कागदावर घेतली, त्यांचं काम संपलं, त्यांना माझ्या तीन वर्षांच्या वहीशी काय घेणं? दहा दिवसांत शेत मावशीच्या हातात जाईल, ती रोपं लावेल, एक वर्ष छान जाईल. मग पानं पिवळी पडतील. तेव्हा कुणी म्हणेल रोपंच वाईट होती, कुणी म्हणेल हवा वाईट होती. मीही म्हणेन. म्हणायला काय जातंय? माझं नाव तर राहील. एक आकडा न चुकलेली टेपबाई. मला स्वतःची अशी किळस आली की उरलेली पावलं मी जवळजवळ पळतच गेले.

साहेब शेत परत देण्याच्या कागदांवर सह्याच करत होते. आमचे साहेब भला माणूस, फक्त प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात. मी दारातूनच सांगायला लागले आणि सांगून संपेपर्यंत थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू करवलं नसतं.

साहेबांनी चष्मा पुसला. मग भिंतीवरचा चार नंबरचा आलेख काढून टेबलावर पसरला. तीन वर्षांपूर्वी, बरोबर माझ्या रजेनंतर, रेघ एका पायरीनं खाली आली होती.

"मी हे कोरडं वर्ष समजलो होतो," ते म्हणाले. "त्या वर्षी पाऊस कमी होताच."

"मला विचारायचं तरी."

"तुम्हाला विचारायचं धाडस कुणात आहे, बाई? आकड्यावर शंका घेतली म्हणून तुम्ही आधीच्या साहेबांना जे बोललात ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं लोकांनी."

ते खरं होतं. मी तसं कबूल केलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

मग साहेबांनी कागद घेतला आणि गणित मांडलं. शेत पंचेचाळीस सेंटिमीटर उचलायला हवं. माती? खाणीवरची सगळी माती वापरून संपली होती. बाहेरून आणायची नाही, अशी परवानगीतच अट होती, कारण बाहेरच्या भरावात काय काय घाण येईल आणि ती खालच्या पाण्यात उतरेल. म्हणजे माती शेतातलीच घ्यायला हवी. पाचातला एक एकर पुरुषभर खरवडायचा आणि ती माती उरलेल्या चारांखाली घालायची. चार एकर वर येतील. पाचवा तळ्यात जाईल.

"पंप तीन आठवडे आणखी चालवतो, वरिष्ठांशी मी बोलतो," साहेब म्हणाले. "पण जमीन त्यांची आहे. त्यांची लेखी संमती हवी. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं, आणि तशीच मावशीकडे निघाले.

मावशी जिन्यावर बसून रोपांना पाणी घालत होती. मला बघून म्हणाली, "कधी मिळतंय शेत?" नेहमीसारखंच. मी खालच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाईप, वही, अर्धा मीटर, एक एकर. माझी चूक आहे हे तीनदा सांगितलं. हातातला पाण्याचा मग तिनं खाली ठेवला.

"शब्द दिला होतास," मग ती म्हणाली.

"हो."

"मी कंपनीला तीनदा हाकललं होतं."

"हो गं मावशी."

"चल, ऊठ. जा आता. मला विचार करू दे."

तिनं दार लावून घेतलं. मी रडत घरी आले. आमच्या ह्यांनी काही विचारलं नाही, ताट वाढून समोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ह्यांचं न बोलणं किती कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी काठी टेकत स्वतःच खाणीवर हजर. मला बघितलं न बघितल्यासारखं करून थेट साहेबांपाशी गेली. साहेब नकाशा घेऊन धावले आणि समजावायला लागले की खालच्या बाजूचा एकर घेतलेला बरा, तो तळ्याला लागूनच आहे, तसाही जरा उतरता आहे.

"तो नाही," मावशी म्हणाली. तिनं काठी उचलून दाखवलं. "तो घ्या. कोपऱ्यातला."

"आजी, तो तर सगळ्यात चांगला. रस्त्याला लागून आहे. उद्या विकायचा म्हटला तर त्यालाच गिऱ्हाईक."

"जमीन माझी ना? मग तोच घ्या. तळ्यापासून एक चर काढा नि जोडा." तिनं सही केली, आणि आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "जावईबापू, डोझर तुम्हीच चालवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"हं," हे म्हणाले.

आणि त्यांनी चालवला, असा चालवला की काय सांगू! घाईनं माती ढकलली असती तर वरची काळी माती खाली आणि खालचा निकस भराव वर, अशी खिचडी झाली असती. त्यांनी चारही एकरांची वरची माती आधी कडेला लावली. मग कोपऱ्यातला भराव आणून थराथरानं घातला. मग वरची माती परत वर पसरली. एकदा दोन दिवस पाऊस झाला तर डोझर जागचा हलवला नाही, ओल्या मातीवर वजन आलं की ती विटेसारखी बसते म्हणून. कंपनीचा फोनवर फोन. हे आपले शांत. मी सकाळ-संध्याकाळ सर्व्हेअर बाईंबरोबर पट्टी धरून लेव्हल बघत होते, आणि प्रत्येक आकडा आता मी त्यांच्याकडून दोनदा तपासून घेत होते. त्या म्हणाल्या, "टेपबाई, तुम्ही तर फार नम्र आहात, लोक उगाच काहीबाही सांगतात." मी म्हटलं, नवीन आहे, अजून सवय व्हायची आहे.

बाविसाव्या दिवशी पंप बंद केले. सोळा वर्षं कानांत बसलेला आवाज थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. मी मावशीच्या शेताच्या मधोमध एक बोअर घेतली होती, तिचं तोंड सर्व्हेअर बाईंनी स्वतः मोजलं होतं, आणि रोज सकाळी मी तिथे टेप सोडत होते. पहिल्या दिवशी पाणी जमिनीखाली चार मीटरवर. आठवड्यानं तीन. मग दोन. मग दीड. माझी पाचावर धारण बसली. हे तर थांबायचं नावच घेत नाही! एक वीस. एक दहा. मावशी रोज बांधावर येऊन बसायची, माझ्याशी बोलायची नाही, फक्त पीं वाजल्यावर मान वर करायची. मी आकडा मोठ्यानं सांगायची. एक शून्य सहा. एक शून्य चार. एक शून्य तीन.

एक शून्य तीन.

एक शून्य तीन.

सलग नऊ दिवस तोच आकडा आला. साहेबांनी चष्मा पुसून जाहीर केलं की पाणी थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातला एकर तेवढा पाण्यानं काठोकाठ भरला होता, छातीएवढं पाणी, त्यात आत्ताच दोन बगळे येऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी लागवड. ट्रकमधून दीडशे डबे आणले. मावशीनं आल्याआल्या फावडं मागवलं आणि मला म्हणाली, "खण." दोन महिन्यांनी ती माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी कमरेएवढं खणलं. तळाची माती तिनं मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. माती भुरभुर सुटली. तिनं ती हातावरून झाडली आणि कंबरेची पिशवी उघडून एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

बक्षीसपत्र होतं, दोन वर्षांपूर्वीचं, वकिलाच्या शिक्क्यासकट. जमीन परत मिळाल्यावर रस्त्यालगतचा कोपऱ्यातला एक एकर 'माझ्या बहिणीच्या मुलीला', म्हणजे मला, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं. मग परत वाचलं. मग त्या पाण्याकडे बघितलं. बगळे अजून तिथेच होते.

"तू सांगायला आलीस ना, त्या दिवशी फाडणार होते मी," मावशी म्हणाली. "रात्रभर समोर घेऊन बसले. मग म्हटलं, पोरगी गप्प बसली असती तर मला कधी कळलंही नसतं. पाचही एकर गेले असते, आणि मी मरेपर्यंत रोपांनाच दोष देत बसले असते. पण चूक तुझी होती, मग एकरही तुझाच जायला हवा. दुसऱ्या कुणाचा कशाला घालू पाण्यात?"

"मग हा कागद?"

"तसाच ठेव. तुझा आहे."

मागे आमचे हे उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि चक्क मोठ्यानं हसले. पंधरा वर्षांत मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. मग मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझा असा बांध फुटला की मी खड्ड्यात उभी राहून लहान मुलासारखी हमसून हमसून रडले.

"पुरे," मावशी म्हणाली. "तुझ्या वाटचं पाणी भरून झालंय. ते रोप घे नि सरळ धर."

मी रोप घेतलं, आणि ती माती लोटेपर्यंत सरळ धरून उभी राहिले.